माणसं कमी पडतायत, मग मुलीला इलेक्ट्रिकलला घालू का?

नमस्कार,

धायरीहून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. तुम्ही महावितरणमध्ये प्रधान तंत्रज्ञ, निवृत्ती जवळ आलेली. सेक्शनमधले जुने लोक एकेक करून घरी गेले आणि त्यांच्या जागी बहुतेक बाह्यस्रोत, म्हणजे ठेकेदाराकडची, मुलं आली, असं तुम्ही लिहिलंय. मुलगी दहावी पास झाली, तिला इलेक्ट्रिकल डिप्लोमा करायचाय. घरचे म्हणतात कॉम्प्युटर घे. तुम्ही विचारता, एवढी माणसं कमी आहेत तर नोकरी नक्की ना?

नक्की म्हणणार नाही. पद रिकामं असलं म्हणून ते भरतातच असं नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं! महावितरणच्या विद्युत सहाय्यकाच्या 5347 जागांची जाहिरात 2023 च्या शेवटी निघाली आणि अर्ज भरायला मार्च 2024 उजाडला. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं मानधनावर. ती भरती आयटीआयवाल्यांची, डिप्लोमावाल्यांची वेगळी. पण कुठल्याही एका जाहिरातीकडे डोळे लावून बसू नका.

तरीही इलेक्ट्रिकलच घ्या. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2025 च्या अहवालानुसार प्रगत देशांत ऊर्जा क्षेत्रात पंचविशीच्या आतला एक जण येतो, तेव्हा निवृत्तीला आलेले 2.4 असतात. आपल्याकडे तरुणांना तोटा नाही, पण मुरलेला माणूस मिळत नाही. फीडर (एखाद्या भागाला वीज नेणारी लाइन) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की फॉल्ट कुठल्या टप्प्यात असेल याचा अंदाज बसल्या जागी बांधणारे तुमच्या पिढीतले लोक जातायत, आणि ठेकेदार बदलला की बदलणाऱ्या मुलांना ते शिकायला वेळच मिळत नाही. दुसरीकडे काम वाढतंय. 2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता उभारायचं देशाचं उद्दिष्ट आहे, आणि ती वीज वाहून न्यायला उपकेंद्रं, रोहित्रं आणि बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारे रिले लागणारच.

म्हणून मुलीने रिले टेस्टिंग, प्रोटेक्शन, उपकेंद्राची देखभाल याकडे वळावं. चाकण-रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांना 22 केव्हीचं स्वतःचं उपकेंद्र सांभाळावं लागतं. पॅनल बनवणारे आहेत, टेस्टिंगची कामं घेणारे ठेकेदार आहेत. डिप्लोमानंतर ठरलेला अनुभव घेऊन विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना जरूर काढावा. परवानाधारक पर्यवेक्षकाशिवाय ठेकेदाराचं काम चालत नाही. सोलर बसवण्याचे छोटे कोर्स सध्या पुष्कळ निघालेत. जोडीला ठीक, पण तेवढ्यावर थांबू नये.

तिच्या आईला खांबावर चढण्याची भीती वाटते, ती समजण्यासारखी आहे. डिप्लोमावाल्यांचं काम बहुतेक उपकेंद्रात, पॅनलसमोर असतं. मात्र धोका तिथेही आहे, म्हणून लाइन क्लिअर (लाइन बंद केल्याची रीतसर परवानगी) घेतल्याशिवाय आणि अर्थिंग केल्याशिवाय हात लावायचा नाही हे तिला आत्तापासून सांगा. कॉलेज हे तुमच्याइतकं घोटून घेणार नाही.

पुण्यात शासकीय तंत्रनिकेतन आणि कुसरो वाडिया इन्स्टिट्यूट, दोन्ही ठिकाणी इलेक्ट्रिकल आहे. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट खुली राहते. एक सांभाळा: डिप्लोमा प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो बंधनकारक ठरतो. तेव्हा नातेवाइकांच्या समाधानासाठी कॉम्प्युटर वर लिहू नका. फॉर्म मुलीला स्वतः भरू द्या.