चूक झाली की मुलगी सगळं फाडून टाकते: ठशांच्या पिशव्यांची एक केस

"मॅडम, पोरगी हुशार आहे, पण जरा काही चुकलं की वहीचं पान फाडते, चित्र चुरगाळते आणि परत त्या कामाला हातच लावत नाही. हा हट्टीपणा म्हणायचा, का तिच्यात काही कमी आहे?" हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येतो. चाचणी परीक्षा आणि शाळेच्या स्पर्धा जवळ आल्या की जास्तच येतो. बहुतेक वेळा हट्टीपणाही नसतो आणि कमीही काही नसतं. तरी पालकांना नुसतं तेवढं सांगून घरी पाठवलं तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून एका घराची गोष्ट सविस्तर सांगते. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं. आई एका पतसंस्थेत कॅशियर, वडील उद्यमनगरात पॅटर्न मेकर, म्हणजे फौंड्रीत ओतकामासाठी जो लाकडी नमुना लागतो तो बनवणारे. घरात आज्जी. मुलगी पाचवीत.

पहिल्या भेटीत मी तिला कागद-पेन्सिल दिली आणि वाटेल ते काढ म्हटलं. तिनं घर काढायला घेतलं. छपराची एक रेघ किंचित तिरकी गेली. ती खोडली, परत काढली, परत खोडली. कागदाचा तिथला भाग आधी केसाळ झाला, मग त्याला भोक पडलं. तिनं कागद पालथा घातला आणि म्हणाली, "दुसरा द्या. हा खराब झाला." म्हणण्याआधी तिनं आईकडे पाहिलं. मला त्या पाहण्यातच जास्त कळलं. रेघ तिरकी गेल्याचं दुःख एवढं मोठं नव्हतं. आता पुढं काय होणार, हे ती आईच्या चेहऱ्यावर शोधत होती.

आईशी एकटीशी बोलले तेव्हा संध्याकाळचा अभ्यास कसा होतो ते विचारलं. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं: अक्षर खराब आलं, गणितात खाडाखोड झाली की त्या पान फाडतात आणि परत लिहायला लावतात. "तिच्या चांगल्यासाठीच की मॅडम. वही स्वच्छ दिसली पाहिजे." म्हणजे चुकलेलं फाडून टाकायचं, हे मुलगी घरातच शिकली होती आणि अगदी मन लावून शिकली होती. दुसरीकडे आज्जी आणि सगळे पाहुणे तिचं कौतुक करायचे ते एकाच वाक्यात: "आमची पोरगी पहिल्या फटक्यात करते." 

हे कौतुक निरुपद्रवी वाटतं, पण तसं ते नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेले अमेरिकेतले प्रयोग पाचवीच्याच मुलांवर झाले होते. सुरुवातीच्या यशानंतर काही मुलांना "तू हुशार आहेस" असं म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" असं. पुढं अवघड कोड्यांत अपयश आल्यावर हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर हात टेकत होती आणि त्यांची कामाची गोडीही कमी झाली होती. पहिल्या फटक्यात जमणं हीच जिची ओळख, तिला दुसरा फटका मारावा लागला की आपण मुळात हुशार नव्हतोच असं वाटायला लागतं.

संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवाचं वाण म्हणून आई महाद्वार रोडवरून प्लॅस्टिकचे डबे आणणार होत्या. मी सुचवलं की या वर्षी मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घ्या आणि त्यावर घरी केलेले ठसे उमटवा, सगळ्यांनी मिळून. मुलीला चित्र काढायला न लावता ठसेच का, तर चित्रात एक रेघ बिघडली की या मुलीच्या लेखी आख्खं चित्र गेलं. ठशात एक छाप बिघडली तर एक छाप बिघडली. ठसा हातात तसाच असतो. आणि रद्दी कागदावर आधी दोन-चार छापा काढून बघितल्याशिवाय कापडाला हात लावताच येत नाही. बिघडलेली छाप तिथं कामाचाच भाग असते. वर पन्नासेक पिशव्या करायच्या म्हटल्यावर कुठल्याच एका पिशवीवर सगळा जीव अडकून पडत नाही.

अटी मी तीनच घातल्या. ठसा उमटवून बघितलेला एकही कागद फाडायचा नाही, तारीख घालून भिंतीवर चिकटवायचा. मोठ्यांनीही प्रत्येकी एक ठसा करायचा. आणि कुणी कुणाच्या ठशाला हात लावायचा नाही.

सुरुवात भाजीनं केली, कारण भाजीच्या ठशात "नीट जमलं का" हा प्रश्नच फारसा येत नाही. कपिलतीर्थ मंडईतून भेंडी, बटाटे, कांदे आले. भेंडी आडवी कापली की आपोआप पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. तिचा चिकट रस फडक्यानं टिपून थोडी सुकू द्यावी लागते, नाहीतर रंग घसरतो. बटाट्याचंही तसंच, कापलेली बाजू कागदावर दाबून पाणी काढायचं. रंगात बुचकळायचं नाही, स्पंजनं पातळ थर लावायचा. कापडाखाली जुन्या चादरीची घडी ठेवायची, सरळ दाबायचं आणि सरळ उचलायचं. कांद्याच्या चकत्या आज्जींनी घेतल्या आणि त्यांच्या छापा सगळ्यांत देखण्या आल्या. गौरी आणताना उंबऱ्यापासून मुठीच्या कडेनं पावलं उमटवायची, वर बोटांचे ठिपके द्यायचे, हे त्या जन्मभर करत आलेल्या. कुठं किती दाबायचं हे त्यांच्या हाताला माहीत होतं. मुलगी त्यांच्याकडून शिकली ते न बोलता.

मग खोडरबरवर कोरायचं ठरलं. मुलीनं पहिल्यांदा "श्री" कोरला आणि छाप उलटी आली. रडं आलंच. पण भिंतीवर चिकटवायची अट होती, म्हणून कागद वाचला. वडिलांनी तिला चौथीच्या इतिहासातल्या राजमुद्रेची आठवण करून दिली: छाप सुलटी यायची तर कोरणाऱ्यानं अक्षरं उलटीच कोरायला हवीत. मग युक्ती दाखवली. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं सुलटं काढायचं, कागद रबरावर पालथा घालून चमच्याच्या पाठीनं घासायचं. शिसं रबरावर उलटं उतरतं. तेवढं कोरलं की छाप सरळ.

खरं सांगायचं तर या केसमध्ये माझ्याइतकंच काम वडिलांनी केलं, तेही आपल्या धंद्यातून. रेघेच्या दोन्ही बाजू कापताना कटर आत झुकवला तर रेघेचं बूड पोखरलं जातं आणि दाबल्यावर ती तुटते. कटर बाहेर झुकवून उतार ठेवला की रेघ वर बारीक, खाली रुंद आणि भक्कम राहते. पॅटर्नच्या बाजूंनाही ते असाच टेपर देतात, म्हणजे मातीतून नमुना वर काढताना साचा ढासळत नाही. कटर नेहमी दुसऱ्या हातापासून लांब चालवायचा, आणि खोल काप ते स्वतः घ्यायचे. एकदा त्यांनी तिला कारखान्यातली खास फूटपट्टी आणून दाखवली. तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर मुद्दाम किंचित मोठा असतो, कारण बीड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसतं आणि पॅटर्न तेवढा मोठाच करावा लागतो. 

"म्हणजे पप्पा, तुमची पट्टीच चुकीची?" 

"पट्टी बरोबर हाय गं. काय आकसणार ते आधीच धरलंय. तरी पण पहिलं कास्टिंग ट्रायलचंच असतंय. ट्रायल काढल्याबिगर आमच्यात पुढचा लॉट कोण भरू देत न्हाई."

मुलीनं वाणासाठी सुगडाचा ठसा कोरला, त्यातून वर आलेला ऊस. सुगडाच्या गळ्याजवळ एका बाजूला फुगवटा राहिला होता. तिला तो दिसला होता. ती म्हणाली, "राहू दे, कुंभाराच्यात पण असतंय तसं." दोन महिन्यांपूर्वी हीच मुलगी छपराच्या रेघेसाठी कागदाला भोक पाडत होती.

त्या रात्री ती झोपल्यावर आईंनी तो फुगवटा कापून सारखा केला.

सकाळी पहिलीच छाप काढल्यावर तिच्या लक्षात आलं. भिंतीवर आदल्या दिवशीचा कागद होताच. "माझ्या सुगडाला टेंगूळ होतं. ते कुठं गेलं?" कुणी बोललं नाही. तिनं ठसा खाली ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, आता तूच कर पिशव्या. मी नाही करणार." रडली नाही, फाडलंही नाही. आईंनी मला फोन केला तेव्हा त्या फार हादरलेल्या होत्या. 

वडीलधाऱ्यांनी गुपचूप सुधारलेलं काम मुलाला काय सांगतं, हे पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. शाळेच्या प्रकल्पाला रात्री शेवटचा हात मारणारे आईवडील मला घरोघर दिसतात, आणि त्यांच्या मनात फक्त माया असते. मुलापर्यंत मात्र एवढंच पोचतं की माझं केलेलं लोकांना दाखवण्याजोगं नव्हतं. 

मी आईंना म्हटलं, तिला सरळ खरं सांगा, सारवासारव नको. त्यांनी सांगितलं, "तुला न विचारता मी रात्री कापलं." मुलीनं विचारलं, "घाण दिसत होतं म्हणून?" त्यावर त्या जे बोलल्या ते मी त्यांना शिकवलेलं नव्हतं: "न्हाई गं. मला भ्या वाटलं. बायका काय म्हणतील म्हणून." चूक झाल्यावर आईलाही भीती वाटते, ही त्या मुलीला अगदी नवी बातमी होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तू पण ट्रायल काढत जा." तिनं नवा सुगड कोरला. कापलेला ठसाही टाकला नाही, दोन्ही वापरले.

पुढच्या भेटीत मी आईंना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. कॅश टॅली झाल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नाही. एका आकड्यासाठी रात्रीपर्यंत बसावं लागलंय. अशा खुर्चीवर रोज बसणाऱ्या माणसाला वहीतली खाडाखोड सोसत नाही यात नवल काय? मी विचारलं, "कॅशबुकात आकडा चुकला तर काय करता?" 

"एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही करायची." 

"पान फाडून परत लिहीत नाही?" 

"पान कसं फाडंन मॅडम? नोकरी जाईल माझी!" 

बोलता बोलता त्या थांबल्या. त्याच आठवड्यापासून मुलीच्या वहीला हा नियम लागू झाला: चुकलेल्यावर एकच रेघ, वर बरोबर उत्तर, शेजारी मुलीची छोटी सही. वर्गशिक्षिकांना आईंनी आधीच जाऊन सांगून ठेवलं. हे फार गरजेचं असतं, नाहीतर घरी एक आणि शाळेत दुसरंच, यात मूल भरडलं जातं.

पिशव्या रथसप्तमीच्या आधी झाल्या. मांजरपाटाची खळ धुऊन काढलेली होती, त्यामुळे फॅब्रिक कलर नीट बसला. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर पिशव्या उलट्या करून कोरडी इस्त्री फिरवली. काही छापा फिकट, एकदोन दुहेरी. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी टेंगूळवालीच पिशवी मागून घेतली, असं मुलीनं मला सांगितलं. तसं झालं नसतं तरी चाललं असतं. बायकांच्या पसंतीवर या मुलीची गाडी परत उभी राहू नये, म्हणून मी त्या प्रसंगाचं फार कौतुक केलं नाही. त्याऐवजी दुहेरी छाप कशी येते ते तिला विचारलं. "उचलताना हात हलतो," असं सांगून तिनं तो हलवून दाखवला.

प्रत्येक घरी ठसेच करायला हवेत असं नाही. ज्या मुलांना हाताला लागलेला रंग सोसत नाही त्यांना यात घालूच नये. भाकरी थापणं, शिवण, बागकाम, जिथं पहिली खेप कच्ची असणं सगळ्यांनाच मान्य आहे असं कुठलंही काम चालेल. पण मोठ्यांनी शेजारी बसून स्वतःही ते केलं पाहिजे. लांबून "चुकलं तर चुकू दे" म्हटलेलं मुलं ऐकत नाहीत, कारण रोज संध्याकाळी त्यांना वेगळंच दिसत असतं.

आणि काही वेळा एवढ्यानं भागत नाही. चुकीच्या भीतीनं मूल शाळेत जायलाच नको म्हणत असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, स्वतःला मारत किंवा चिमटत असेल, एकच गोष्ट तासन्‌तास पुन्हा पुन्हा करत असेल, मरणाची भाषा बोलत असेल, तर थांबू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथं मराठीतून बोलता येतं.

ही मुलगी आता महिन्यातून एकदा येते. भागाकारात अजून अडते, मध्यंतरी एक पान फाडलंही. आईंनी ते चिकटपट्टीनं जोडून वहीत परत लावलं आणि त्यावरून बोलणं काढलं नाही. सध्या दोघी मिळून गणपतीला येणाऱ्यांसाठी रुमाल करायचे ठरवत आहेत. ठसा दोन रंगांत उमटवायचा आहे, त्यामुळे दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसवायचा कसा, यावर वडिलांशी त्यांचं रोज बोलणं चालू आहे.