एकाच घरातल्या दोघींपैकी एकीलाच डिप्रेशन का येतं?

सख्ख्या बहिणी, घर तेच, वडील गेल्याचं दुःखही तेच, मग धाकटीच का कोसळली, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे हाच प्रश्न माझ्याबद्दल दोन वर्षं घोळत होता, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही.

बाबा गेले तेव्हा दादा धाय मोकलून रडला. मी रडलेच नाही. भटजींची दक्षिणा, तेराव्याचा स्वयंपाक, पेन्शनची कागदपत्रं, सगळं मीच बघितलं. "पोरगी खंबीर आहे हो!" असं जो तो म्हणायचा. चार महिन्यांनी एका सकाळी दूध उतू जात होतं आणि मी समोर उभी राहून बघत होते. गॅस बंद करायला हात उचलायचा, बस. तो उचलवेना. आणि दुःख म्हणाल तर तेही वाटत नव्हतं.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी १२ तपासायला लावलं. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच थिजतो. माझं दोन्ही ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का? आई म्हणाली, "छे, आमच्यात नाही कुणाला." परतताना रिक्षात मात्र हळूच म्हणाली, "तुझ्या धाकट्या मामाच्या वेळी आजी बाळंत झाली ना, ती सहा महिने माजघरातून बाहेर आली नव्हती. बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे केले."

जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के धरतात. म्हणजे आजीकडून आजार नाही, फार तर कल आला. तो दादाकडेही असू शकतो.

मग फरक कुठे पडला? मला पटलेलं उत्तर लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांच्या अभ्यासात सापडलं. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी तो १९७८ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. नैराश्य आलेल्या बहुतेकींच्या आयुष्यात त्याआधी एखादा मोठा घाव होता, पण तसा घाव बसलेल्या बहुतेकजणी सावरल्याही होत्या. कोसळण्याचा धोका कुणाला जास्त? जिला मन मोकळं करायला जवळचं माणूस नाही, लहानपणीच आई गेली, घरात तीन किंवा जास्त लहान मुलं, बाहेर नोकरी नाही, अशांना. आजी बाळंतीण होऊन माजघरात एकटीच पडली होती. दादा रोज संध्याकाळी टपरीवर मित्रांपुढे बाबांच्याच गोष्टी काढायचा. मी खंबीर होते, त्यामुळे मला कुणी काही विचारलंच नाही.

"मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतं" हे व्हॉट्सअॅपवरचं उत्तर तुम्हीही वाचलं असेल. २०२२ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्याला ठोस पुरावा मिळाला नाही. गोळ्यांनी मला गुण आला, तीन-चार आठवड्यांनी, ती गोष्ट वेगळी.

बहिणीला "तुला काय कमी आहे?" एवढं मात्र विचारू नका. तिला जगणं नकोसं वाटतंय असं जाणवलं तर वाट बघत बसू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही फोन लागतो, मराठीतही बोलतात. आणि डॉक्टरांकडे जाताना आईला किंवा मावशीला सोबत न्या, येताना रिक्षानेच या. आमच्याकडची खरी माहिती तिथेच निघाली.