पांढऱ्या रेशनकार्डालाही पाच लाख, मग हप्ता का भरायचा?

प्रश्न : ताई, मी 58 वर्षांचा. रबाळ्याच्या केमिकल कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. राहायला ऐरोलीत, रेशनकार्ड पांढरं. आम्हा नवरा-बायकोच्या मेडिक्लेमचा हप्ता 2025च्या जूनमध्ये जीएसटीसकट 48,000 झाला. मुलगा म्हणतो, आता सगळ्यांना सरकारी पाच लाख आहेत, बंद करा. सोसायटीत मात्र वाद चालतो : आमच्या करातून सगळ्यांचा विमा कशाला? आई 78 वर्षांची, तिला कुणी पॉलिसी देत नाही. काय करावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : बंद करू नका. हे आधीच सांगते, कारण नूतनीकरणाची तारीख चुकवून मग पत्र लिहिणारे फार.

मुलाचं अर्धं बरोबर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना लागू झाली, पांढऱ्या कार्डवाल्यांनासुद्धा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. पण उपचार यादीत हवा आणि हॉस्पिटलही यादीतलं हवं. त्याउपर बेड मिळायला हवा! कळव्याच्या माझ्या दिरांना संध्याकाळी अँजिओप्लास्टीसाठी नेलं, तर यादीतल्याच हॉस्पिटलच्या काउंटरवर उत्तर आलं, ‘योजनेचे बेड फुल आहेत, कॅश असेल तर आहे.’ आम्ही आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, शोधत बसलो, त्याची खुर्ची रिकामी. शेवटी दुसरीकडे नेलं, तिथे योजनेतूनच झालं, पण दुसऱ्या दिवशी.

मी वागळे इस्टेटच्या एका ऑफिसात बावीस वर्षं क्लेमच्या फायली तपासल्या. हॉस्पिटलवाल्यांची तक्रारही ठाऊक आहे : पॅकेजचा, म्हणजे एका उपचारापोटी योजनेतून मिळणाऱ्या ठरलेल्या रकमेचा, दर कमी, पैसे उशिरा. दर वाढवला की बोजा तिजोरीवर, नाही वाढवला की बेड ‘फुल’. योजनेच्या खर्चाचा खरा वाद इथे आहे, फुकट्यांचा नाही.

आणि करातून दुसऱ्यांचा विमा म्हणाल, तर तुम्ही इतकी वर्षं हप्ता भरलात तो कुठे गेला? माझ्या नणंदेच्या बायपासला गेला असेल! विमा असाच चालतो, निरोग्यांच्या पैशावर. तरुण बाहेर राहिले की उरलेल्यांचा हप्ता चढतो. म्हणून सगळे आत हवेत, हे मला पटतं. पटत नाही ते एवढंच, की सगळा पैसा ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाला. तुमच्या बीपीच्या गोळ्या, शुगरच्या तपासण्या यात कुठे बसतात? देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले, हा 2021-22चा सरकारी आकडा. त्यात मेडिकलवाल्याचं बिल मोठं. महापालिकेच्या दवाखान्यात गोळ्या वर्षभर मिळाल्या, तर कित्येकांना अँजिओप्लास्टी लागणारच नाही.

आता तुमचं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. म्हणजे 48,000 चे साधारण 40,700 व्हायला हवेत. नूतनीकरणाची नोटीस त्याहून मोठी आली, तर मूळ हप्ता वाढवलाय. किती आणि का, ते एजंटला लेखी विचारा. पॉलिसी सोडून साठीनंतर नवी घेतलीत, तर जुन्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. शिवाय साठीनंतरच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. हा नियम जानेवारी 2025चा. तिथवर तग धरा.

आईंचं काम सोपं आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून केंद्राच्या योजनेतून मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. ते या आठवड्यातच काढा. वय आधारवरून धरतात, तेव्हा आधी त्यांचं जन्मसाल पाहून घ्या. आमच्या सासूबाई आधारवर सासऱ्यांपेक्षा चार वर्षांनी मोठ्या आहेत.