विंडोजवरून उबुंटूवरील पोस्टग्रेसला जोडणी मिळत नसेल तर

उबुंटूवरील पोस्टग्रेस (डेटाबेस सर्व्हर) त्याच यंत्रावर नीट उघडते, पण विंडोजवरील पीजीॲडमिन या पोस्टग्रेस हाताळण्याच्या साधनातून जोडणी नाकारली जाते, असा आपला प्रश्न आहे. यात दोष विंडोजचा नाही. मूळ मांडणीत पोस्टग्रेस केवळ लोकलहोस्टवरच ऐकत असते, म्हणजे त्याच यंत्रावरून आलेल्या जोडण्याच स्वीकारते. ‘पोस्टग्रेस्क्यूएल डॉट कॉन्फ’ या फाइलमधील ‘लिसन ॲड्रेसेस’समोर सर्व्हरचा स्वतःचा आयपी पत्ता लिहावा (विंडोजचा नव्हे, इथे बरेच जण गोंधळतात), ओळीच्या सुरुवातीचे हॅशचिन्ह काढावे आणि सेवा रीस्टार्ट करावी, कारण हा बदल नुसत्या रीलोडने (सेवा न थांबवता मांडणी पुन्हा वाचून) लागू होत नाही.

त्यानंतर कोणाला कुठून जोडू द्यायचे हे ठरवणाऱ्या ‘पीजी एचबीए डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘होस्ट’ने सुरू होणारी ओळ वाढवून तीत डेटाबेस, वापरकर्ता, विंडोज यंत्राचा पत्ता (उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०/३२; ‘/३२’ म्हणजे फक्त हाच एक पत्ता) आणि ‘स्क्रॅम-शा-२५६’ ही पासवर्ड तपासण्याची पद्धत द्यावी. ‘ट्रस्ट’ मात्र कृपया लिहू नये, त्यात पासवर्ड विचारलाच जात नाही. या फाइलसाठी रीलोड पुरेसे असते. फायरवॉल चालू असल्यास ५४३२ हे पोर्ट त्याच पत्त्यापुरते उघडावे.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश आल्यास पहिली फाइल आधी तपासावी; पीजी एचबीएमध्ये नोंद नसल्याचा संदेश आला, तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलेली असते आणि दुरुस्ती दुसऱ्या फाइलमध्येच करावी लागते.