‘जनरल’ जागा राखीव कशी?

प्रश्न असा आलाय: १९३७ साली डॉ. आंबेडकर ‘मुंबई शहर (भायखळा व परळ) जनरल अर्बन’ या मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले, पण जागा राखीव होती असंही वाचलं. जनरल, तर राखीव कशी?

घोळ ‘जनरल’चा आहे. आज जनरल म्हणजे बिनराखीव. १९३५ च्या कायद्यातला जनरल वेगळा: मुसलमान, युरोपियन, अँग्लो-इंडियन, भारतीय ख्रिस्ती असे मतदार वेगळे काढल्यावर उरले ते जनरल. १९१९ च्या कायद्याखाली याच गटाला ‘मुसलमानेतर’ म्हणत. ते नाव निदान सरळ होतं. १९३२ च्या पुणे करारानं दलितांच्या राखीव जागा या जनरल गटातच ठेवल्या, मुंबई प्रांतात १५. त्यांतलीच ही एक. अर्बन म्हणजे शहरी, त्यात काही गोम नाही.

खरी गंमत ‘मतदारसंघ’ या शब्दात आहे. आज तो उच्चारला की डोळ्यांपुढे नकाशा येतो. पण संघ माणसांचा असतो, जमिनीचा नव्हे, आणि तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. भायखळ्याच्या एकाच गल्लीतला हिंदू मतदार या मतदारसंघात, शेजारचा मुसलमान मतदार मुस्लिम मतदारसंघात. पत्ता एक, संघ दोन. विद्यापीठाच्या पदवीधरांचा संघ तर गल्लीबोळांशी देणंघेणंच नसलेला.

म्हणून जुन्या लेखनात ‘स्वतंत्र मतदारसंघ’ दिसला की राखीव जागा समजू नये. तिथे मतदारच वेगळे. ‘संयुक्त’मध्ये मतदार एकत्र, राखीव असते ती जागा. येरवड्यातलं गांधीजींचं उपोषण याच फरकावरून झालं. इंग्रजीत मतदारांच्या गटाला एक शब्द आणि त्या भागाला दुसरा. मराठीत दोन्हींना एकच, त्यामुळे वाचताना पाय घसरतो.

भायखळा-परळमध्ये जागा एकाहून अधिक होत्या. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा. काँग्रेसनं बाबासाहेबांसमोर उभे केले ते नामांकित फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू! १३,२४५ विरुद्ध ११,२२५, बाळू पडले.

या व्यवस्थेत निवडणुका दोनच झाल्या, १९३७ आणि १९४६. पुढे प्रौढ मताधिकार आला आणि ‘जनरल अर्बन’ गेलं. भाषांतर करताना ‘सर्वसाधारण’ लिहिलंत तर आजचा वाचक पुन्हा हाच प्रश्न विचारेल. मी ‘जनरल’ अवतरणात ठेवून पुढे ‘संयुक्त, राखीव जागा’ एवढं जोडतो.