कळलावीचा वेल दिवाळीनंतर पार वाळून गेला. मेला का? पुढच्या पावसाळ्यात पुन्हा यायला काय करू?

मेला नाही, झोपलाय. पाणी घालणं आजच्या आज बंद करा, बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय की मामांच्या शेताच्या बांधावरून आणलेला कंद जूनमध्ये कुंडीत लावला, गणपतीत सात फुलं आली आणि नोव्हेंबरात पानं पिवळी पडून नुसत्या दोऱ्या उरल्या. तेव्हापासून रोज तांब्याभर पाणी आणि वर शेणखत चालू आहे. घरात दोन वर्षांची मुलगी आहे, हे शेवटच्या ओळीत जाता जाता सांगितलंय. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. तिच्याकडे येतेच.

आधी वेलाचं. माझं माहेर संगमेश्वरकडचं. तिथे कळलावी कोणी लावत नाही. मृगाचे दोन पाऊस झाले की ती करवंदीच्या जाळीतून आपोआप वर येते, गौरी-गणपतीला फुलते, दसऱ्यानंतर शेंगा धरते आणि थंडी पडेपर्यंत दिसेनाशी होते. पुढचे सहा-सात महिने ती तिथे आहे याची कोणाला आठवणही नसते. जमिनीखाली कंद असतो आणि त्याला त्या काळात कोरडी, उबदार माती हवी असते. जानेवारी ते मे तिकडे थेंबभर पाणी नसतं, तरी ती दरवर्षी येते. तुम्ही रोज पाणी घालताय म्हणजे झोपलेल्याच्या तोंडात पेज ओतताय. कंद कुजतो तो इथेच. उन्हाने जळालेली किंवा किडीने खाल्लेली कळलावी एक वेळ सावरते, हिवाळ्यात भिजत ठेवलेली सावरत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. पुण्यात पहिल्यांदा लावली तेव्हा वाळलेला वेल बघून मी माती दुसऱ्या कुंडीत उलटली आणि त्यात पुदिना लावला. पुदिन्याला रोज पाणी. एप्रिलमध्ये माती मोकळी करताना खुरप्याला काहीतरी लिबलिबीत लागलं आणि वास आला. जपून आणलेला कंद होता तो. आता कुंडीवर ऑइल पेंटने 'झोपली आहे, हात लावू नका' असं लिहिलंय. पाहुणे हसतात, हसू देत.

तर आता करायचं ते असं. वाळलेल्या दोऱ्या ओढून काढू नका, मातीपासून बोटभर ठेवून कात्रीने कापा. कुंडी पाऊस आणि बागेचा पाइप पोहोचणार नाही अशा जागी, जिन्याखाली किंवा गॅलरीच्या छज्जाखाली सरकवून ठेवा. खत नको, पाणी नको. मे महिन्याच्या मध्यापर्यंत विसरून जा.

मेमध्ये रबरी हातमोजे घालून कंद बाहेर काढा. गेल्या वर्षी लावलेला जुना कंद तिथे सापडणार नाही. तो वेलाला खाऊ घालून संपतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. नव्याचा आकार बघण्यासारखा आहे: दोन फाटे असलेला, गलोलीच्या बेचक्यासारखा किंवा कधी नांगराच्या फाळासारखा. संस्कृतात हिला लांगली म्हणतात, लांगल म्हणजे नांगर. प्रत्येक फाट्याच्या अगदी टोकाला एक डोळा असतो. एकच. बटाट्याला जसे चहूकडे डोळे असतात तसं इथे नाही. ते टोक मोडलं की तो फाटा लावून उपयोग नाही. मेअखेर या डोळ्यातून पांढुरका कोंब डोकावू लागतो आणि तो काचेच्या बांगडीइतका ठिसूळ असतो, म्हणून कोंब फुटायच्या आधीच हे काम उरका. दोन्ही टोकं शाबूत असतील तर फाटे वेगळे करून दोन वेल करता येतात. मोडलेली बाजू दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा.

कुंडी निदान बारा इंच खोल घ्या. तळाशी विटांचे तुकडे, वर तांबडी माती, त्यात तिसरा हिस्सा जाड वाळू आणि दोन ओंजळी कुजलेलं शेणखत. पुण्यातली काळी माती निव्वळ वापरू नका, पावसात तिचा चिखल होतो. कंद आडवा निजवायचा आणि वर दोन-अडीच इंच माती. पहिला वळीव झाला की कुंडी उघड्यावर काढा. कोंब दिसेपर्यंत माती दमट असली तरी पुरे, पुढे पाऊस बघून घेतो. ऊन निदान अर्धा दिवस हवं.

आधाराच्या बाबतीत बहुतेक जण चुकतात. नर्सरीत जाड बांबू देतात आणि तो हिच्या काही कामाचा नाही. कळलावीला वेगळा ताणा, म्हणजे आधाराला विळखा घालणारा दोरा, नसतो, पानाचं टोकच लांबून ताणा होतं. पावसाळ्यात एक पान रोज सकाळी बघा. पहिल्या दिवशी सरळ भाल्यासारखं असतं, मग टोक निमुळतं होत जाऊन खाली वळतं, काही मिळालं की घड्याळाच्या स्प्रिंगसारखं एक-दोन वेढे घेतं आणि मग सुटता सुटत नाही. एवढ्याशा टोकाला जाड बांबूभोवती वेढा घेता येत नाही. सुतळी द्या, डाळिंबाची वाळकी फांदी खोचा, नाहीतर मेंदीच्या कुंपणालाच कुंडी टेकवून ठेवा. पाच-सहा फूट सहज चढते.

फुलाचं वर्णन तुम्हाला कशाला सांगू, तुम्ही सात बघितलीत. पण यंदा एक गोष्ट बघाच. कळी खाली मान घालून असते, उमलताना सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात, काठ मुरडलेले. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग टोकाकडून लाल होत होत अख्खं फूल पेटल्यासारखं. म्हणून अग्निशिखा. आणि मधला स्त्रीकेसराचा दांडा बुडाशीच काटकोनात बाजूला मोडलेला असतो, कोपर दुमडून हात बाहेर काढावा तसा. त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःला लागणं कठीण. बी हवं असेल तर सकाळी मऊ ब्रशने एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या त्या दांड्याच्या टोकाला लावावे लागतात. तामिळनाडूत, जिथे हे राज्यफूल आहे, शेतकरी औषधी बियांसाठी कळलावीची शेती करतात आणि हे काम एकेका फुलाला हाताने करतात. तिकडे झिम्बाब्वेचं हे राष्ट्रीय फूल, आणि १९४७ मध्ये तिथल्या दौऱ्यात राजकन्या एलिझाबेथला याच फुलाच्या आकाराची हिऱ्यांची पिन भेट मिळाली होती. आमच्याकडे गौरीचे हात म्हणून पुजतात आणि गोव्यात माटोळीला, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवीला, टांगतात, मला तेच जास्त आवडतं.

जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर काळ्या अळ्या दिसतील, अंगावर पांढरे आणि नारिंगी ठिपके, दागिन्यासारख्या सुंदर. दोन रात्रींत अख्खा वेल खराटा करतात. शेजारी लिलीच्या कुंड्या असतील तर तिथेही याच अळ्या येतात, दोन्हीकडे बघा. फवारणीच्या फंदात पडू नका. संध्याकाळी टॉर्च घेऊन काडीने उचला आणि साबणाच्या पाण्यात टाका. एकेका पानाच्या मागे बघावं लागतं. खालची पानं पिवळी पडत असतील तर मात्र अळी नव्हे, पाणी साचतंय.

बियांपासून करायची असेल तर संयम हवा. नारिंगी-लाल बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पावसाच्या तोंडी पेरा. काही महिनाभरात येतात, काही फार उशिरा, काही येतच नाहीत. पहिल्या वर्षी चार पानं आणि खाली चिमुकला कंद, बस्स. फूल साधारण तिसऱ्या पावसाळ्यात. तरीही कोणी विचारलं तर मी बियाच सांगते. मामांच्या बांधावरचा एक कंद ठीक आहे, पण घाटात फिरायला जाऊन फूल दिसलं की खणायला बसणारे लोक मी पाहिलेत. औषधासाठी खणणारे वेगळेच. जंगलातून कंद खणणं गुन्हाही आहे.

आता तुमची मुलगी.

कळलावी नखशिखांत विषारी आहे, कंद आणि बिया सगळ्यात जास्त. त्यातलं द्रव्य कोलचिसीन. हेच द्रव्य अगदी बारीक मात्रेत गाऊटच्या, म्हणजे सांधे सुजण्याच्या एका दुखण्याच्या, गोळीत असतं, आणि बिनबियांचं कलिंगड तयार करतानाही रोपांवर हेच वापरतात. पेशींचं विभाजन अडवणं हा त्याचा गुण, आणि जिवंत माणसाच्या पोटात गेलं की तोच घात. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी बाधलं, आणि मोलाचा वेळ जातो. पुढे मूत्रपिंड, रक्त, मज्जातंतू. वाचलेल्यांचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात. रताळं समजून कंद शिजवून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. शिजवल्याने विष जात नाही.

मुलगी कंद उकरेल असं नाही. मला भीती शेंगांची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेंग उकलते आणि आत डाळिंबासारखे लालबुंद दाणे ओळीने बसलेले असतात. दोन वर्षांचं मूल ते तोंडात घालणारच. म्हणून माझं सरळ मत: मुलगी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत कुंडी मामांकडे पाठवा. जीव होत नसेल तर कुलूप असलेल्या गच्चीवर ठेवा आणि फुलं सुकली की लगेच, शेंग धरायच्या आत, देठ कापून टाका. कंद काढल्यावर हात आणि खुरपं साबणाने धुवा. उरलेले तुकडे ओल्या कचऱ्यात उघडे टाकू नका, गाय-कुत्र्यालाही ते तितकेच वाईट. आणि कधी शंका जरी आली की कोणी काही खाल्लंय, तर मीठ-पाणी, ताक, तूप काही न देता त्या झाडाचा तुकडा पिशवीत घालून थेट मोठ्या रुग्णालयात जा. लक्षणं दिसायची वाट बघू नका.

नावाबद्दलही विचारलंत. पूर्वी सुइणी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप लावायच्या, त्यावरून कळलावी. आज कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. माझ्या सासूबाईंचा अर्थ वेगळा होता. ही घरात असली की घरात भांडणं लागतात, असं त्यांचं ठाम म्हणणं. पहिल्या वर्षी तर कुंडीवरूनच आमचं वाजलं, त्यामुळे त्यांचं म्हणणं लगेच खरं ठरलं. शेवटी कुंडी उंबऱ्याच्या आत आणायची नाही एवढ्यावर तह झाला. त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली, कुंडी अजून गच्चीवरच आहे.

मेमध्ये कंद काढलात की फोटो टाका. डोळा शाबूत आहे की नाही ते बघून सांगते.