खास ऑर्डर देऊन बनवलेल्या केकला एवढे पैसे मोजणं परवडतं का?

केक कशासाठी हवाय, त्यावर आहे. नुसता खायला हवा असेल तर नाही. चवीत दुकानातला ताजा केकही तोडीस तोड असतो.

जास्तीचे पैसे जातात ते हातकामाचे. साखरेचं एक गुलाबाचं फूल घ्या: एकेक पाकळी लाटायची, कडा पातळ करायच्या, तारेवर चिकटवून रात्रभर सुकवायची. शिवाय स्पंज थंड करणं, स्पंजचा सुटा भुगा जागीच बसावा म्हणून क्रीमचा पहिला पातळ थर, मग दुसरा. मजल्यांचा केक असेल तर वरचं वजन पेलायला आत काड्या रोवाव्या लागतात. हे सगळं एका गिऱ्हाइकासाठी, त्यामुळे दर जास्त वाटला तरी लूट म्हणवत नाही.

फॉन्डंटचं, म्हणजे केकवर चढवायच्या साखरेच्या लाटलेल्या आवरणाचं, मात्र मला कधी पटलं नाही. दिसतं गुळगुळीत, पण अर्धे लोक ते सोलून ताटाच्या कडेला ठेवतात! त्यापेक्षा बटरक्रीम घ्या.

पाहुणे जास्त असतील तर कापायला छोटा सजवलेला केक आणि वाटायला त्याच चवीचा साधा चौकोनी केक मागवा. थर्माकोलचे खोटे मजले लावून फारसं वाचत नाही, सजावटीची मेहनत तेवढीच पडते.